वस्त्रांची साक्ष

दरवर्षी परीक्षांचे निकाल लागले की आपल्या मंडळ्यांतील कित्येक तरुण-तरुणी पहिल्या नोकरीसाठी घराबाहेर पडतात. बेळगावचा मुलगा बेंगळुरूच्या कचेरीत रुजू होतो, इंदूरची मुलगी शाळेत शिकवू लागते, हैदराबादेतील कोणी रुग्णालयात परिचारिका म्हणून पहिले पाऊल टाकते. मुलाखतीच्या आदल्या रात्री घरात एक प्रश्न हमखास निघतो: काय घालून जावे? वडील म्हणतात, "उसने घेऊ, पण चांगला कोट शिवू." आजी म्हणते, "देव मन पाहतो, कपडा नाही पाहत." आणि मूल दोघांच्या मध्ये गोंधळून उभे राहते. प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; परंतु त्यात प्रामाणिकपणाचा एक खरा पेच आहे. आपण एरवी जसे असतो त्याहून निराळे दिसण्यासाठी वेष करणे ही लबाडी म्हणावी काय? आणि नाही म्हणावे, तर मर्यादा कोठे घालावी?

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांस योसेफाची आठवण होते. रविवारच्या शाळेत योसेफाचा झगा मुलांना रंगवावयास देतात, ते ठीकच आहे. पण उत्पत्तीच्या पुस्तकात योसेफाचे वस्त्र एकदाच येत नाही. सदतिसाव्या अध्यायात भावांनी तो झगा बकऱ्याच्या रक्तात बुडवून बापाला दाखविला आणि तेवढ्यावरून याकोबाने मुलगा मेला असे धरून शोक केला. एकोणचाळिसाव्या अध्यायात पोटीफराच्या बायकोच्या हाती राहिलेले वस्त्र पुरावा म्हणून पुढे आले आणि निरपराध योसेफ तुरुंगात पडला. दोन्ही वेळा वस्त्राने साक्ष दिली, दोन्ही वेळा ती खोटी होती, आणि ज्यांनी ती मानली त्यांनी अधिक चौकशी केली नाही.

कपड्यांपायी एवढे सोसलेल्या माणसाला त्यांचा वीट आला असता तरी नवल नव्हते. परंतु एकेचाळिसाव्या अध्यायात फारोचे बोलावणे आले, तेव्हा योसेफाने हजामत केली, कपडे बदलले आणि मग तो राजासमोर गेला. इब्री लोक दाढी राखीत, मिसरी दरबारी लोक ती काढीत. म्हणजे तुरुंगातील मळ धुऊन तो थांबला नाही, परक्या दरबाराची रीतही त्याने पाळली. हे लांगूलचालन होते काय? पुढचा संवाद वाचावा. तुला स्वप्नाचा अर्थ सांगता येतो असे मी ऐकले आहे, असे फारो म्हणतो. उमेदवाराने आपली शेखी मिरवावी अशी याहून चांगली संधी कोणती? पण योसेफ ते सामर्थ्य आपले नव्हे असे साफ सांगतो आणि देवाकडे बोट दाखवितो. त्याने कपडे बदलले. बोलणे मात्र राजाच्या मर्जीप्रमाणे बदलले नाही.

आमच्या मते मर्यादेची खूण येथेच सापडते. नीटनेटका तरुण आपल्या कपड्यांतून समोरच्याला एवढेच सांगत असतो की, तुमचे काम मी हलके समजत नाही. ते खरे असेल, तर त्यात लबाडी कसली? पण हप्त्यावर घेतलेले भारी घड्याळ 'मी सुखवस्तू घरचा आहे' असे सांगते, ते खरे नसते; आणि त्या खोट्या साक्षीचे हप्ते पुष्कळदा आईच्या पगारातून जातात. तेव्हा काही विकत घेण्यापूर्वी दोन गोष्टी विचाराव्या. हा कपडा माझ्याविषयी काय सांगतो, ते खरे आहे का? आणि याचे पैसे कोण भरणार?

गांधीजींच्या तरुणपणी हा पेच त्यांनाही पडला होता. १८८८ साली ते बॅरिस्टर होण्यास लंडनला गेले, तेव्हा बाँड स्ट्रीटवर दहा पौंड देऊन त्यांनी संध्याकाळचा सूट शिवून घेतला आणि उंच टोपी घेतली. पुढे आत्मचरित्रात तो खर्च त्यांनी व्यर्थ ठरविला. साहेब होण्याचा तो नाद सुमारे तीन महिने टिकला, पण नीटनेटकेपणाची सवय पुढे कित्येक वर्षे राहिली. १८९३ साली डरबनच्या न्यायालयात मॅजिस्ट्रेटने पगडी काढावयास सांगितले. गांधीजींनी ती काढली नाही, ते न्यायालयातून निघून गेले. पुढच्याच वर्षी नाताळच्या सर्वोच्च न्यायालयात वकिलीची शपथ घेतल्यावर सरन्यायाधीशांनी वकिलांच्या पोषाखाचा नियम सांगितला, तेव्हा मात्र त्यांनी पगडी उतरविली. मित्रांना ते रुचले नाही. आपले बळ मोठ्या लढ्यांसाठी राखून ठेवावे, असा त्यांचा विचार होता. त्यांनी केले ते सर्वांस पटेलच असे नाही. पण कोठे अडून राहावे आणि कोठे सोडून द्यावे हे प्रत्येकाला स्वतःच्या विवेकाने ठरवावे लागते, एवढे त्यावरून दिसते.

याला आणखी एक बाजू आहे आणि आपल्या देशात ती विसरून चालणार नाही. पिढ्यान्‌पिढ्या येथे कपड्यांवरून माणसाची जात ओळखली जाई, आणि कोणी कसे नेसावे यावर गावाचा पहारा असे. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला डॉ. आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांना लुगडे नेसण्याची जुनी पद्धत सोडण्यास आणि हलक्या धातूचे जडशीळ दागिने टाकण्यास सांगितले, कारण त्या खुणांवरून त्यांना अस्पृश्य म्हणून ओळखले जाई. तेथे वेष बदलणे म्हणजे सोंग घेणे नव्हते. वस्त्रांकडून जबरीने वदविली जाणारी खोटी साक्ष बंद करणे होते. म्हणून ज्या घरातील पहिलाच मुलगा इस्त्रीचा सदरा घालून कचेरीत निघाला आहे, त्याला 'एवढा नट्टापट्टा कशाला?' असे हसण्यापूर्वी हसणाऱ्याने हा इतिहास आठवावा.

नेमके काय घालावे, हे बहुधा कामच सांगते. परिचारिकेने नखे कापावी आणि अंगठ्या काढून ठेवाव्या, कारण त्यांखाली जंतू राहतात व रोग्याला धोका होतो. लेथवर काम करणाऱ्याने सैल बाही, गळपट्टा किंवा अंगठी घालू नये. फिरत्या यंत्रात ती अडकली तर हातच जातो. प्रयोगशाळेत उघड्या चपला चालत नाहीत. शिक्षिकेला दिवसभर उभे राहून फळ्यावर लिहावयाचे असते, तेव्हा साधे, धुण्यास सोपे कपडे बरे. कचेरीत जाणाऱ्यास आरंभी धुतलेले दोन-तीन जोड पुरतात. बटणे शाबूत असावीत, पायताण पुसलेले असावे, केस विंचरलेले असावेत, घामाचा वास येऊ नये आणि अत्तराचाही शेजाऱ्यास त्रास होऊ नये. पहिल्या आठवड्यात बरोबरीचे लोक कसे येतात ते पाहावे, आणि जास्तीची खरेदी पहिला पगार हातात आल्यावर करावी.

येथवर उमेदवारांविषयी झाले. पण आपल्यापैकी कित्येक जण आता मेजाच्या दुसऱ्या बाजूस बसतात. कोणी मुख्याध्यापक आहेत, कोणी बँकेत अधिकारी, कोणी स्वतःच्या दुकानात माणसे नेमणारे. त्यांची जबाबदारी आम्हांस अधिक जड वाटते. अंगठी आणि झगझगीत वस्त्रे पाहून एकाला मानाची जागा देणाऱ्या आणि मळक्या कपड्यांतील गरिबाला खाली बसविणाऱ्या मंडळीला याकोबाच्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात कडक शब्द ऐकावे लागले आहेत. शमुवेलासारखा संदेष्टाही अलियाबाचे रूप व उंची पाहून क्षणभर फसला होता. तेव्हा कॉलर विटलेली दिसली, तर त्यावरून आळशीपणाचा निवाडा करू नये. ती कॉलर विटली असेल तीच मुळी रोजच्या धुण्याने. आणखी दोन प्रश्न विचारावे, काम करून दाखविण्यास सांगावे, आणि मग काय ते ठरवावे. याकोबाने झगा पाहिला आणि पुढे काही विचारले नाही, म्हणून जिवंत मुलासाठी तो कित्येक वर्षे रडला.

रविवारच्या शाळेतही हे होते. बूट नसलेल्या मुलाला नाताळच्या कार्यक्रमात मागच्या रांगेत उभे करतात. करणाऱ्याच्या मनात वाईट नसते. फोटो चांगला यावा एवढेच असते. पण ते मूल तेवढ्यावरून आपली किंमत शिकते, आणि पुढे पहिल्या नोकरीच्या वेळी कर्ज काढून कोट शिवणारा तरुण पुष्कळदा त्याच मागच्या रांगेतून आलेला असतो.

योसेफाच्या गोष्टीत एक तपशील शास्त्राने मोकळा ठेवला आहे. तुरुंगातल्या परदेशी गुलामाजवळ राजासमोर जाण्याजोगे कपडे कोठून आले? कोणीतरी ते दिले असले पाहिजेत, आणि वस्तराही. देणाऱ्याचे नाव कोठे लिहिलेले नाही. आपल्या तरुण संघांना आणि महिला मंडळांना हे काम करता येण्यासारखे आहे. मुलाखतीला निघालेल्या मुलासाठी एक बरा सदरा, मुलीसाठी एक नीट साडी किंवा पोषाख, इस्त्री, आदल्या संध्याकाळी प्रश्नोत्तरांचा थोडा सराव. मंडळीत जाहीर न करता, पाळकांच्या घरी किंवा एखाद्या वडील भगिनीकडे हे चालावे, आणि घेणाऱ्याला त्याची आठवण पुन्हा कोणी करून देऊ नये.