मेंढ्याचे मोल

२०२० सालच्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक बातमी आली होती. सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यातील एका मेंढपाळाच्या माडग्याळी मेंढ्याला एक गिऱ्हाईक ७० लाख रुपये द्यायला तयार झाले आणि मालकाने ते नाकारले. दीड कोट मिळाले तर विचार करू, असे त्याचे म्हणणे. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत ही बातमी मोठ्याने वाचली गेली आणि चहा तसाच निवला. एका गणित-शिक्षकाने निवृत्तीनंतर आपल्याला किती मिळणार याचा हिशेब पाटीवर मांडला आणि स्वतःच पुसून टाकला. निम्मे लोक म्हणाले, देणारा वेडा आहे. उरलेले म्हणाले, न घेणारा वेडा आहे.

मला त्या दोघांच्या शहाणपणाविषयी काही म्हणायचे नाही. ज्याचा त्याचा पैसा, ज्याचा त्याचा मेंढा. पण एक प्रश्न मात्र मनातून जाईना. माणूस मेंढ्याला पैसे मोजतो तेव्हा नेमके कशाचे मोजतो? मांसाचे म्हणावे, तर खाटीक वजनावर किंमत सांगून मोकळा होतो. लोकरीचे म्हणावे, तर आमच्याकडच्या जाडीभरडी लोकरीला हल्ली कातरणावळही सुटत नाही. उरते ते एवढेच, की हा मेंढा उद्या ज्यांचा बाप होईल ती कोकरे. म्हणजे अजून जन्माला न आलेल्या जिवांचे पैसे आज रोख मोजायचे. व्यवहार असा चमत्कारिक आहे, आणि त्याच्यात नीतीचा प्रश्न शिरतो तो याच दाराने.

आधी थोडा हिशेब पाहू. पंचवीस-तीस मेंढ्यांमागे एक मेंढा पुरतो. मेंढी वाईट निघाली तर वर्षाला एक कोकरू वाईट. मेंढा वाईट निघाला तर खांडातले प्रत्येक कोकरू बिघडले. शिवाय मेंढ्याचे रक्त साठत जाते. त्याच्या लेकींत रुपयातले आठ आणे त्याचे. त्याच जातकुळीचा दुसरा मेंढा आणून त्या लेकींना दाखवला, की नातींत बारा आणे. पणतींत चौदा आणे. मूळच्या मेंढीचे उरतात दोन आणे! आठ-दहा वर्षांत खांड म्हणजे जवळजवळ आणलेल्या मेंढ्यांचीच प्रजा होते. तेव्हा चांगला मेंढा महाग पडतो म्हणून जो तो घेत नाही, तोही पैसे मोजतच असतो. फक्त ते हप्त्याहप्त्याने जातात आणि कोणाला दिसत नाहीत.

आता बहुतेक गरिबांच्या घरी मेंढा कसा ठरतो ते पाहा. बाजारातून आणलेला मेंढा विरळा. घरच्याच कोकरांतला एखादा नर खच्ची न करता राखला जातो. कोणता? इथे दुःखाची गोष्ट आहे. जे कोकरू झपाट्याने वाढते, अंगाने भरते, तेच आधी विकले जाते. सावकाराचा माणूस येऊन बसलेला असतो, मुलीच्या लग्नाची तारीख धरलेली असते, बकरी ईदेला दणकट नराला चार पैसे जास्त मिळतात. दाराशी आलेला व्यापारी त्याच कोकराच्या पाठीवर हात ठेवतो. मागे राहते ते उशिराचे, किरटे, ज्याला कोणी भाव दिला नाही ते. पुढच्या वर्षी तेच खांडाचा बाप होते. गरिबी आपल्यातले उत्तम विकते आणि उरल्यासुरल्यावर वंश चालवते. हा न्याय मेंढरांपुरताच आहे असे मला वाटत नाही. पण तो विषय वेगळा.

समजा, एखाद्याने मनाचा हिय्या करून पैसे गाठीला बांधले आणि तो बाजारात गेला. तो काय पाहतो? तोंड उघडून दात पाहतो; दोनदाती की चारदाती, दात हिरडीवर नीट बसतात की नाही. पाठीवरून हात फिरवतो. चालवून पाय पाहतो, कारण मैलोगणती फिरणाऱ्या खांडात लंगडा मेंढा काय कामाचा? अंड दोन्ही सारखे, घट्ट व भरलेले आहेत का, हे जाणते लोक चाचपून पाहतात, आणि ते योग्यच आहे. हे सगळे डोळ्यांना आणि हातांना कळण्याजोगे. पण माडग्याळी मेंढ्याच्या बाजारात याहूनही एक गोष्ट आधी पाहिली जाते, ती म्हणजे नाक. जत तालुक्यातल्या माडग्याळ गावावरून नाव मिळालेली ही मेंढरे उंच, पांढरी, अंगावर तांबूस ठिपके असलेली. आणि त्यांचे नाक पोपटाच्या चोचीसारखे वळलेले. जितकी वळणदार चोच तितकी बोली चढत जाते. दिसायला तो मेंढा खरोखरच राजबिंडा असतो, त्यात वाद नाही. पण नाकाने कोकरू वाढत नाही, आणि नाकाने मेंढीला दूधही उतरत नाही.

दुधाचीच गोष्ट घ्या. मेंढीला दूध भरपूर असेल तर कोकरू पहिल्या दोन महिन्यांत तरारते. हा गुण मेंढा आपल्या लेकींना देतो, पण स्वतः काही दूध देत नाही! त्याच्या अंगावर तो कुठे लिहिलेला नसतो. तो पाहायचा तर त्याच्या आईकडे पाहावे लागते, बहिणींकडे पाहावे लागते, आणि अखेर त्याच्या लेकी विईपर्यंत वाट पाहावी लागते. बाजारात आई नसते, बहिणी नसतात. असतो तो विकणाऱ्याचा शब्द. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरतो, इसार दिला जातो, दलाल आपली दलाली घेऊन पुढच्या दावणीकडे सरकतो. किंमत रुमालाखाली राहते ती राहो. पण मेंढ्याची कुळकथाही रुमालाखालीच राहते.

या पेचातून एक वाट अठराव्या शतकातल्या एका इंग्रज शेतकऱ्याने काढली होती. लेस्टरशायर परगण्यातल्या डिशली गावचा हा रॉबर्ट बेकवेल. जन्म १७२५, मृत्यू १७९५. तो आपले उत्तम मेंढे विकत नसे. हंगामापुरते भाड्याने देत असे. १७६० च्या सुमारास त्याला एका मेंढ्याच्या हंगामाचे साडेसतरा शिलिंग मिळाले. १७८९ साली तीन मेंढ्यांच्या भाड्याचे १२०० गिनी आले. लोकांना त्यातला पैसाच दिसला. मला त्यातली युक्ती मोठी वाटते. मेंढा दहा जणांच्या कळपांत फिरून आला, की बेकवेल जाऊन तिथली कोकरे पाही. ज्याची संतती चांगली, तो मेंढा पुढे स्वतःच्या कळपाला ठेवी. भाडे देणाऱ्याचे नुकसान झाले तर एका हंगामाचे. देणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांनाही खरे काय ते संततीवरून कळे. शब्दावर भिस्त ठेवायची गरज कमी झाली. अर्थात हा गृहस्थ काही संत नव्हता. आपली पद्धत तो कोणाला सांगत नसे, आणि त्याच्या मेंढ्यांना चरबी फार म्हणून खाणाऱ्यांनी पुढे नाके मुरडली. परंतु मालाची परीक्षा त्याच्या फळावर व्हावी ही गोष्ट त्याने व्यवहारात आणली, आणि ती नीतीच्या पुस्तकांत पुष्कळ वेळा नुसती लिहिलेली असते.

त्यानंतरचे भाव ऐकले की डोके गरगरते. १९८८ साली ऑस्ट्रेलियात ॲडिलेड येथे एक मेरिनो मेंढा साडेचार लाख डॉलरला गेला. १९९१ साली तिथली लोकरीला हमीभाव देण्याची योजना कोलमडली आणि लोकर मातीमोल झाली. मेंढा तोच, त्याचे रक्त तेच. जगाला त्याच्या अंगावरची लोकर नकोशी झाली एवढेच. २०२० च्या ऑगस्टमध्ये स्कॉटलंडातल्या लॅनार्कच्या बाजारात ‘डबल डायमंड’ नावाचा टेक्सेल जातीचा कोवळा मेंढा साडेतीन लाख गिनींना विकला गेला. घेणारे तिघे भागीदार होते. इतक्या किमतीचा मेंढा घेणारा कोकरांवर पैसे काढतो खरा, पण ती कोकरे घेणाराही पुढे कोकरेच विकणार असतो. अशा साखळीत शेवटच्या माणसाच्या ताटात काय पडते, हे कोणी विचारीत नाही. आटपाडीच्या ७० लाखांकडे मी याच नजरेने पाहतो. ती किंमत मेंढ्याची थोडी आणि त्याच्या नावाची फार. नाव विकत घ्यायला हरकत नाही, पण आपण नाव घेत आहोत हे घेणाऱ्याला ठाऊक असावे.

याच्या अगदी उलट एक गोष्ट आपल्याच फलटणला घडली. तिथल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९० च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातली गरोल नावाची मेंढरे आणली. खुजी, बारीक, दलदलीत राहणारी. आमच्या जत्रेत असा मेंढा उभा केला तर पोरे त्याला कोकरू समजतील. पण या जातीच्या मेंढ्या जुळी, कधी तिळीही देतात. आमची दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. हा जुळ्यांचा गुण एका बीजघटकामुळे येतो. शास्त्रज्ञांनी तो २००१ साली नेमका ओळखला, आणि तो आहे की नाही हे आता रक्त तपासून सांगता येते. दख्खनी व इतर जातींशी संकर करून संस्थेने ‘नारी सुवर्णा’ मेंढरे तयार केली आणि त्यांचे मेंढे मेंढपाळांच्या खांडांत गेले. म्हणजे जत्रेत ज्याच्याकडे कोणी ढुंकून पाहिले नसते, त्याच्या पोटात हे धन होते! मात्र हेही सांगितले पाहिजे, की जुळी कोकरे झाली की दूध कमी पडते आणि बाटलीने पाजण्याचे काम घरातल्या बाईच्या वाट्याला येते. मेंढा निवडताना तिला विचारले जाते का? कोकरांची उस्तवार करणारी ती, आणि बाजारात जाणारा तो.

विचारले जाते तेव्हा काय होते, याचे एक उदाहरण माझ्या माहितीतले आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरी बारा-चौदा मेंढ्या होत्या. बापाला एक मेंढा मनापासून आवडला होता. किंमत ४५ हजार. मुलाच्या आईने माझ्यासमोरच सरळ प्रश्न टाकला, “गुरुजी, पैसं आमी द्यायचं आन् माळावर समद्यांच्या मेंढ्या फळायच्या. ह्यो कुठला न्याय?” प्रश्न खरा होता. मेंढरे एकत्र चरतात. मेंढा काही मालकाची मेंढी आणि शेजाऱ्याची मेंढी असा भेद करीत नाही. पोटाखाली फडके बांधून त्याला आवरता येते, पण शेजारधर्मावर फडके कसे बांधणार? शेवटी तीन घरांनी १५-१५ हजार काढले. मिळून चाळीसेक मेंढ्या झाल्या. मेंढा मात्र याच बाईच्या दावणीला राहिला, कारण त्याच्या वैरणीकडे लक्ष देण्याची तयारी दुसऱ्या कोणाची नव्हती.

मेंढा चांगला निघाला. कोकरे हाडापेराने मोठी झाली. दोन वर्षांनी त्याच्या लेकी माजावर येऊ लागल्या, आणि बापाचा संबंध लेकींशी येऊ नये म्हणून त्याला विकायचे ठरले. लांबच्या गावचे गिऱ्हाईक आले. ३० हजारांवर सौदा जमला. तेवढ्यात ही बाई दारातून म्हणाली, “दादा, एक सांगते. ह्याच्या दोन कोकरांचा खालचा जबडा आखूड निघाला हुता. दोन्ही येकाच मेंढीची न्हवती.” मेंढ्याचे स्वतःचे तोंड निर्दोष होते. ती बोलली नसती तर कोणाला कळण्याचा संभव नव्हता. गिऱ्हाईक उठून गेले. तिसऱ्या दिवशी भावाला घेऊन परत आले आणि २४ हजारांना मेंढा घेऊन गेले.

मग भांडण पेटले. उरलेल्या दोन घरांचे म्हणणे असे, की तिला खरे बोलायचे होते तर तिने स्वतःच्या दोन हजारांवर बोलावे. आमचे चार हजार बुडवण्याचा तिला काय अधिकार? हा आक्षेप मला सहज उडवून लावता येत नाही. दुसऱ्याच्या पैशाने सत्यवादी होणे सोपे असते. पण मी पुष्कळ विचार केला आणि मला वाटते, की तिला अधिकार होता. जे आतले होते ते तिघांपैकी तिलाच ठाऊक होते, कारण कोकरांच्या तोंडात बोट घालून दूध पाजले ते तिने. आणि त्या चार हजारांवर त्या घरांचा हक्क होताच कुठे? ते पैसे मेंढ्याच्या गुणांचे नव्हतेच. ते गिऱ्हाइकाच्या अज्ञानाचे होते. ते माझे मत मी त्या दोन्ही घरी जाऊन सांगितले. एका घरी चहा मिळाला.

दुसरा मेंढा पाहायला त्या दिवाळीनंतर निघायचे ठरत होते. तीन घरांची वर्गणी आता दोनच घरांत फिरत होती, आणि तिसऱ्या घरच्या मेंढ्या त्याच माळावर चरत होत्या. बाईने नवऱ्याला बजावले होते, “अवं, औंदा मेंढा बघायला म्या बी येनार. त्याची आय कुठं हाय, तिला आदी बघायची.”