खरेदीखत कुणाचे, घर कुणाचे?

गांधीबागेच्या कापडबाजारात माल आधी जातो, पैसा मागाहून येतो. कधी येतही नाही. अशाच थकलेल्या उधारीचा एक जुना वाद मध्यंतरी माझ्यासमोर आला. एका व्यापाऱ्याने देण्यापोटी आपल्या घराचे खरेदीखत मित्राच्या नावे करून दिले होते. पैसे फेडले की घर परत, हा शब्द मात्र तोंडीच राहिला. आज दोघेही हयात नाहीत. एकाची मुले कागद दाखवतात, दुसऱ्याची वडिलांचा शब्द सांगतात.

फिकहमध्ये अशा व्यवहाराला ‘बय-उल-वफा’ म्हणतात. नाव विक्रीचे असले, तरी अनेक हनफी फकीहांनी त्याला रहन, म्हणजे गहाणच मानले आहे. आणि गहाणाने मालकी बदलत नाही. आपला कायदा कागद पाहतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ मधील १९२९ च्या दुरुस्तीनुसार, परत देण्याची अट त्याच दस्तात नसेल तर तो व्यवहार गहाण ठरत नाही. म्हणजे न्यायालयात कागदवाल्यांची बाजू भक्कम आहे.

परंतु निकाल मिळाला म्हणजे घर हलाल झाले काय? उम्मे सलमा (र.) सांगतात की, जुन्या वारशावरून भांडणारे दोघे पैगंबर (स.) यांच्याकडे आले. पुरावा कुणाकडेच नव्हता. आपण ऐकले तसा निवाडा देतो, पण त्यातून कुणाला भावाचा हक्क मिळाला तर तो अग्नीचा तुकडा समजावा, असे त्यांनी बजावले. तेव्हा दोघेही रडले आणि आपला हक्क एकमेकांना देऊ लागले.

शब्द सांगणाऱ्यांनीही थोडे थांबावे. घर परत हवे, पण मूळ रक्कम फेडल्याचे ते कुठेच म्हणत नाहीत. सूरह निसामध्ये वारसांच्या वाटणीआधी कर्ज फेडण्याचा आदेश आहे. घराची किंमत वाढली म्हणून बापाचे देणे विरत नाही. खरे तर सूरह बकराच्या २८२ व्या आयतीप्रमाणे दोघा मित्रांनी तेव्हाच अट लिहिली असती, तर मुलांवर ही वेळ आली नसती. मैत्रीत लिहून घेणे आपल्याला अविश्वासाचे वाटते, हा आपल्या समाजाचा जुनाच दोष.

परवा नमाजनंतर खरेदीखत बाळगणारा थोरला मुलगा थांबला. “मौलाना, त्या शब्दाला साक्षीदार कोण?” त्याने विचारले.

“तेव्हा तुमचे वय काय होते?” मी विचारले.

“चौदा.” मग बराच वेळ तो चपला शोधत राहिला.