पातेलंभर पाणी

तांदूळ धुतलेलं पाणी, भाजी निथळलेलं पाणी, भांडी विसळलेलं पाणी. आमच्या तासगावच्या घरी यातलं काही वाया जात नाही. परसात मोरीच्या तोंडाशी केळीचं बेट आहे, त्याला लागून अळू. सासूबाईंच्या काळापासून ते सगळं खरकट्या पाण्यावरच पोसलंय. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरात न्यूयॉर्क राज्यातल्या सेनेका सरोवराकाठी, एका द्राक्षमळ्याच्या आवारात, रात्री साडेआठला मी खिचडीच्या पातेल्यात पाणी फिरवलं आणि गाडीचं दार उघडून कडेच्या वेलीच्या बुंध्याशी ओतलं, तेव्हा आपण त्या वेलीचं भलंच करतोय असं मला वाटलं.

"आई!" लेक दबक्या आवाजात ओरडली. असं ओरडणं लेकींनाच जमतं.

गाडी म्हणजे आरव्ही, चाकांवरचं घर. लेक-जावयांनी ती जुनी घेतलीय, चोवीस फुटी. आत झोपायला जागा, दोन शेगड्या, बेसिन, संडास, आणि पोटात तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक सांडपाण्याची, एक मैल्याची. तिकडे दुसरीला ग्रे टँक म्हणतात, तिसरीला ब्लॅक. त्या मळ्यात आम्हाला उतरू दिलं होतं ते याच टाक्यांच्या भरवशावर. तंबू घेऊन आलेल्याला ती मंडळी नम्रपणे नाही म्हणतात. ज्याची घाण ज्याच्याजवळ राहते, त्यालाच रात्रीपुरती जागा.

ही पद्धत मुळात युरोपातली. फ्रान्समध्ये 'फ्रान्स पासियों' नावाचा उपक्रम १९९०च्या दशकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. द्राक्षमळेवाले, चीज करणारे, मधमाश्या पाळणारे आपल्या आवारात घरगाडीवाल्यांना चोवीस तास फुकट राहू देतात. पुढे अमेरिकेत याच धर्तीवर 'हार्वेस्ट होस्ट्स' निघाली; आमचा मळा तिच्यातलाच. २०१२ साली कॅनडातल्या एका मायलेकींनी 'बूनडॉकर्स वेलकम' काढली. तिच्यात यजमान स्वतःच गाडीवाले असतात आणि आपल्या घरापुढची जागा दुसऱ्या गाडीवाल्याला देतात. २०२१मध्ये पहिलीने दुसरीला विकत घेतलं. बूनडॉकिंग म्हणजे वीज-पाण्याची जोडणी न घेता कुठेतरी आडरानात गाडी लावून राहणं. या शब्दाचं मूळ फिलिपिन्समधल्या टागालोग भाषेतलं 'बुंडोक', म्हणजे डोंगर. अमेरिकी सैनिकांनी तो तिकडून आणला. नातेवाइकाच्या दारात गाडी लावून त्याच्याच विजेवर दिवस काढणाऱ्याला तिकडचे लोक चेष्टेने मूचडॉकिंग करणारा म्हणतात. मूच म्हणजे फुकटेपणा. शब्द ऐकला आणि आमच्याकडचे दोन-तीन चेहरे डोळ्यांपुढे आले, पण ते असो.

हार्वेस्ट होस्ट्सची वार्षिक वर्गणी जाते संस्थेला. मळेवाल्याला त्यातलं काही मिळत नाही. पाहुण्याने त्याच्या दुकानातून वीस-तीस डॉलरचं काहीतरी घ्यावं, एवढीच अपेक्षा असते. आता द्राक्षमळा म्हणजे वाइन, आणि आमच्या गाडीत वाइन पिणारं कुणी नाही. जावई तर चहासुद्धा पीत नाहीत. दुकानात मी अवघडूनच उभी होते. शेवटी काँकर्ड द्राक्षाचा पाय घेतला, म्हणजे आपल्या भाषेत गोड सारण भरलेली जाड पोळी म्हणा. त्या भागात तो घरोघरी करतात. शिवाय जेलीच्या दोन बाटल्या. मालकीणबाईंनी पैसे घेताना वाइनचा विषयही काढला नाही. पाहुण्याची लाज राखणं हाही यजमानपणाचाच भाग.

पण मी पाण्याचं सांगत होते.

सकाळी बाई कुत्र्याला घेऊन फेरीला निघाल्या आणि आमच्या गाडीपाशी थांबल्या. वेलीच्या बुंध्याशी ओला डाग होता आणि डागात चार शितं. शितावरून भाताची परीक्षा करतात. बाईंनी शितावरून पाहुण्यांची केली. मी खाली उतरून माफी मागितली. इंग्रजी माझं बेताचं आहे, पण माफीपुरतं पुरतं. घरी आम्ही असंच करतो, हेही सांगून टाकलं. त्यांनी मान डोलावली. शितांच्या वासाने रात्री रकून येतात, स्कंक येतात, म्हणाल्या. स्कंक म्हणजे मांजराएवढा काळापांढरा प्राणी. बिथरला की असा काही फवारा सोडतो की वास आठवडाभर जात नाही. मग त्या जे बोलल्या ते माझ्या मनात अजून आहे. म्हणाल्या, परवा इथे एक जोडपं उतरलं होतं, त्याआधी एक कुटुंब, आज रात्री आणखी कुणी येईल. प्रत्येकाकडे एकेक पातेलं असतंच.

मला माझं एक पातेलं दिसत होतं. त्यांना हंगामातली सगळी दिसत होती.

पाहुणा एका रात्रीचा असतो आणि यजमान रोजचा. 'एवढ्याने काय होतंय' हे वाक्य पाहुण्याच्या तोंडी खरंच असतं. एवढ्याने काही होत नाही. जनरेटर अर्धा तास चालवला तर काय होतंय, कुत्रा पाच मिनिटं मोकळा सोडला तर काय होतंय, पोहोचायला अंधार झाला तर काय होतंय. आणि मालकीणबाई असं अर्ध्या अर्ध्या तासाचं आयुष्य वर्षभर जगत असतात. त्यांच्या कोंबड्या त्या पाच मिनिटांतच जातात.

अंधाराचंही खरंच आहे. लेकीने दोन दिवस आधी विचारून ठेवलं होतं. गाडीची लांबी सांगितली, वळवायला जागा आहे का विचारलं. उजेडात पोहोचलो, म्हणून जागा नीट दाखवता आली. "इथे लावा, त्या दगडाच्या अलीकडे. पहाटे पाचला ट्रॅक्टर निघेल." ऑक्टोबर म्हणजे तिकडे द्राक्षतोडणीचा ऐन हंगाम. त्या दगडापलीकडे दोन फूट गाडी गेली असती तर भल्या पहाटे आम्हाला उठवायला लागलं असतं, किंवा न उठवता मनातल्या मनात शिव्या द्यायला लागल्या असत्या. खुर्च्या, छत, टेबल असलं काही आम्ही बाहेर मांडलं नाही. नियम कुणी वाचून दाखवला नव्हता, पण दुसऱ्याच्या खळ्यात आपलं अंगण थाटायचं नाही, हे तासगावातही कळतं. कुकरचा मोह तेवढा झाला. लेकीने शिट्टीच काढून ठेवली होती आणि खिचडी पातेल्यातच शिजली. गंमत अशी की पहाटे उजाडताच मळ्यात पाखरं उडवायची गॅसवरची तोफ धडाधडा वाजायला लागली. आम्ही दचकून उठलो. पण मळा त्यांचा, तोफ त्यांची. आमच्याकडे ज्वारी भरली की माळ्यावरून गोफण फिरवून हाकारे घालत, तेव्हा पाहुण्यांच्या झोपेचा विचार कुणी केला होता?

आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. आम्ही पोहोचलो तेव्हा बाईंनी पहिला प्रश्न केला, "पेनसिल्व्हेनियावरून आलात?" लेक न्यू जर्सीला राहते, तेव्हा वाटेत पेनसिल्व्हेनिया लागतंच. बाईंनी टॉर्च आणला आणि चाकांच्या वरचा पोकळ भाग, पायरीची खालची बाजू, मागची शिडी बघायला सुरुवात केली. मला वाटलं, ही काय जकात! मग कळलं. २०१४ साली पेनसिल्व्हेनियाच्या बर्क्स काउंटीत आशियातून आलेला एक ठिपकेदार किडा पहिल्यांदा सापडला. इंग्रजीत त्याला स्पॉटेड लँटर्नफ्लाय म्हणतात. तो वेलीचा रस शोषतो, आणि मादी शरद ऋतूत कुठल्याही पृष्ठभागावर अंडी घालते: झाड, दगड, गाडीचा पत्रा, काहीही चालतं. अंड्यांचा थर वाळलेल्या चिखलाच्या फटकाऱ्यासारखा दिसतो. गाडी पुढे जाते, चिखलही पुढे जातो. जळणाचीही हीच कथा. ॲशची झाडं पोखरणारा एक हिरवा भुंगा २००२मध्ये मिशिगनात सापडला, आणि तो सरपणातून गावोगाव पसरतो म्हणून न्यूयॉर्क राज्यात प्रक्रिया न केलेलं लाकूड ५० मैलांपलीकडून आणता येत नाही. शेकोटीसाठी म्हणून घरच्या सरपणाचा भारा डिकीत टाकणारा पाहुणा कुणाचं वाईट चिंतत नसतो. मी तरी कुठे चिंतत होते?

टॉर्च पाहून मी बाईंना सांगितलं की मीही द्राक्षवाल्यांच्या घरातली आहे. त्यांचा चेहरा बदलला. मग पाऊण तास आम्ही दोघी काय बोललो, ते लेकीलाही नीट भाषांतर करता आलं नाही. आमच्याकडे वर्षात दोन छाटण्या, एप्रिलात खरड छाटणी आणि ऑक्टोबरात फळछाटणी, हे ऐकून त्या थक्क. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, एकच छाटणी. म्हणजे त्यांची तोडणी चालली होती त्याच आठवड्यांत आमच्या शिवारात कात्र्या चालल्या होत्या. बेदाण्याच्या शेडचं चित्र मी कागदावर काढून दाखवलं. 'तास-ए-गणेश' हे वाण आमच्या भागातलं, हेही अभिमानाने सांगितलं. आणि एवढं सगळं बोलून झाल्यावर दीड तासाने मी जाऊन त्यांच्या वेलीत पातेलं ओतलं. द्राक्षातलं कळत होतं, पण मळा कुणाचा ते विसरले.

आपल्याकडे यजमानाला भरपूर शिकवलेलं असतं. पाण्याचा तांब्या, गूळ, बसायला सतरंजी, आग्रह. पाहुण्याला कुणी काही शिकवत नाही, तो आला हेच पुरे. वारीतल्या आणि परिक्रमेतल्या माणसांना मात्र हे शिक्षण आपोआप मिळतं. आळंदीहून निघालेल्या दिंडीचा ट्रक पाहिला आहे ना? सिलेंडर, शेगड्या, धान्य, राहुट्या, मागे पाण्याचा टँकर. तेही एक चालतं घरच, मुक्काम मात्र दुसऱ्याच्या शेतात. नर्मदा परिक्रमेत माझी नणंद चालली होती. तिकडे सदावर्त म्हणून कोरा शिधा देतात आणि परिक्रमावासी आपला आपण रांधून घेतो. ती सांगते, निघताना चुलीची राख भरून जागा सारवून दिल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे तिला एका म्हाताऱ्या बाईने पहिल्याच मुक्कामी दटावून सांगितलं. मला सांगणारं वेळेवर कुणी भेटलं नाही. साठी उलटल्यावर सेनेकाकाठी भेटलं.

मैल्याची टाकी यजमानाकडे कधीच रिकामी करायची नाही, हे जावयांनी आधीच बजावलं होतं. ते मला पटलेलं होतं. त्या गावांत गटारं नसतात, प्रत्येक घराची सेप्टिक टाकी असते, आणि गाडीच्या टाकीत घालतात त्यातली काही औषधं सेप्टिकमधले जिवाणू मारून टाकतात. एका पाहुण्याच्या सोयीने घराची सगळी व्यवस्था बिघडते. पण सांडपाण्याचा विचार माझ्या मनातच आला नव्हता. ते कसलं घाण, ते तर तांदळाचं पाणी!

दुसऱ्या दिवशी दहाच्या आत निघालो. चोवीस तास चालतात म्हणून चोवीस तास बसायचं नसतं, असं जावई म्हणाले. मी मात्र आधी बागेतली केरसुणी मागून घेतली, शितं गोळा केली, ओल्या डागावर कोरडी माती सारली. बाई हसल्या आणि म्हणाल्या, राहू दे. मी राहू दिलं नाही. आमचं उरलेलं सांडपाणी पुढे एका सरकारी उद्यानातल्या डंप स्टेशनात पैसे भरून ओतलं.

कधी अशी गाडी घेऊन आमच्या तासगावला आलात, तर खरकटं पाणी खुशाल केळीच्या बुंध्याशी ओता. फक्त आधी हाक मारा, केळ कुठे आहे ते मी दाखवते. शेजारची केळ वहिनींची आहे, आणि त्यांना साबणाचं पाणी चालत नाही.