राजदूताने परत काय न्यावं?

जकार्तातल्या आसिआन सचिवालयात नवा राजदूत रुजू होतो, तेव्हाचे फोटो सगळे सारखेच दिसतात. मागे झेंडे, पुढे दोन माणसं आणि दोघांच्या मध्ये एक पत्र. या पत्राला अधिकारपत्र म्हणतात. एरवी राजदूत ते राष्ट्रप्रमुखाच्या हातात देतो. आसिआन हे राष्ट्र नाही, आग्नेय आशियातल्या देशांची संघटना आहे, म्हणून तिथे ते महासचिवांच्या हातात दिलं जातं. भारताने आसिआनसाठी जकार्तात वेगळं दूतावास-कार्यालय २०१५ मध्ये उघडलं. २०२१ मध्ये तिथे राजदूत म्हणून जयंत खोब्रागडे गेले.

ती बातमी मी रावेरला घरी बसून वाचली. वर्क फ्रॉम होमचे दिवस होते. आडनाव आपल्याकडचं वाटलं, म्हणून वडिलांना फोन पुढे करून दाखवली. वडील केळीवाले. त्यांनी विचारलं, "हा मानूस तिथं काय करीन?"

म्हटलं, "आपल्या देशाची बाजू मांडेल."

"अन् त्यायची बाजू आपल्याले कोन सांगीन?"

मी म्हटलं, तोही हाच. पण प्रश्न डोक्यात राहिला. आपण राजदूताकडे एका दिशेने बघतो: तो इथून काहीतरी घेऊन तिथे जातो. स्वागत करणारे मात्र त्याच्याकडून दुसऱ्या दिशेची अपेक्षा धरून असतात. आपण जे बोलू ते तो परत नेईल, आणि नीट नेईल, अशी. तसं नसेल तर त्या चहापानाला काय अर्थ आहे?

रावेरच्या माणसाला आसिआनशी काय देणंघेणं, असं वाटू शकतं. पण आपल्या कढईतलं पामतेल बहुतेक इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं, आणि हे दोन्ही देश आसिआनचे. भारत आणि आसिआनमधला मालाच्या व्यापाराचा करार २००९ मध्ये झाला, २०१० पासून लागू झाला. आमच्या तालुक्यातल्या तांदलवाडीची केळी २०२१ मध्ये दुबईला गेली. आखाती बाजारात फिलिपिन्सची केळीही असतात, आणि फिलिपिन्सही आसिआनमध्येच. म्हणजे तिकडच्या टेबलावर काय बोललं गेलं याचा आमच्या बागेशी दूरचा का होईना, संबंध आहे. फक्त त्या टेबलापर्यंत आमचं म्हणणं पोचतं का, आणि तिथलं आमच्यापर्यंत येतं का, हे आम्हाला कधी कळत नाही.

खोब्रागडे यांची आणखी एक गोष्ट आहे. जकार्ताच्या आधी, २०२० मध्ये, त्यांना इस्लामाबादला भारताचे प्रभारी म्हणून पाठवायचं ठरलं होतं. पाकिस्तानने व्हिसा दिला नाही. त्या पदासाठी ते फार वरिष्ठ आहेत, असं कारण बातम्यांत आलं. राजदूताच्या बाबतीत तर १९६१ च्या व्हिएन्ना करारात लिहूनच ठेवलंय, की एखाद्याला नाकारताना यजमान देशाने कारण द्यायलाच हवं असं नाही. माणूस तोच, अनुभव तोच. एका शहराने दार लावलं, दुसऱ्याने उघडलं. यात त्याच्या चांगल्या-वाईटपणाचा प्रश्नच नव्हता. स्वागत करणारा ठरवत असतो ते एवढंच, की या माणसामार्फत पलीकडच्यांशी बोलायचं आहे की नाही.

हे आमच्या भागाला नवं नाही. रावेरहून रेल्वेने अर्ध्या तासावर बुऱ्हाणपूर आहे. इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याचा राजदूत सर थॉमस रो १६१५ च्या नोव्हेंबरात सुरतेहून खानदेशातून प्रवास करत तिथे आला. दरबारात जहांगिराचा मुलगा परवेझ उंचावर बसला होता. रोला सांगण्यात आलं, जमिनीला डोकं टेकव. तो म्हणाला, मी नोकर नाही. त्याने बसायला खुर्ची मागितली. उत्तर मिळालं, या जागी कुणीच बसत नाही. शेवटी छताच्या चांदीने मढवलेल्या खांबाला टेकून उभं राहायची मुभा मिळाली. बुऱ्हाणपुरात वखार घालायची परवानगी मात्र त्याने मिळवली.

पुढचा इतिहास माहीत असल्यामुळे आपल्याला वाटतं, तेव्हाच परत पाठवायला हवं होतं. पण रोने परत काय कळवलं ते बघा. त्याने कंपनीला लिहिलं, की व्यापार आणि लढाई एकत्र जमत नाहीत. किल्ले बांधण्याच्या आणि जमिनीवरच्या लढायांच्या भानगडीत पडू नका, फायदा हवा असेल तर समुद्रावर शांतपणे धंदा करा. इथे तीन-साडेतीन वर्षं राहून त्याला जे दिसलं ते त्याने आपल्या मालकांना सांगितलं. पुढे कंपनीने ते ऐकलं नाही. सांगणं त्याच्या हातात होतं, ऐकणं नव्हतं.

कधी कधी प्रश्न याहून अवघड होतो. १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. आसिआनमध्ये निर्णय सहमतीने होतात, एकमेकांच्या घरात डोकवायचं नाही अशी तिथली रीत. तरीही त्या ऑक्टोबरच्या शिखर परिषदेला लष्करप्रमुखाला बोलावलं नाही. राजकारणाबाहेरचा प्रतिनिधी पाठवा म्हटलं. म्यानमारने कुणालाच पाठवलं नाही आणि जागा रिकामी राहिली. म्हणजे एखादा माणूस ज्यांच्या नावाने येतो, त्यांचं काही परत नेणार आहे का, हाही विचार यजमानाला करावा लागतो. मला तो निर्णय बरोबर वाटतो. पण त्याची किंमतही दिसते. रिकाम्या खुर्चीला काही ऐकवता येत नाही.

एवढं सगळं लिहिण्याचा मला अधिकार काय? मीही एकदा छोटासा दूत होतो. माझ्या कंपनीने मला तीन महिने क्लायंटच्या ऑफिसात बसवलं होतं. पहिल्या दिवशी त्यांनी स्वागत केलं, गळ्यात कार्ड घातलं, टीमशी ओळख करून दिली. तिथे डेटा भरणाऱ्या एक ताई होत्या. दुसऱ्याच आठवड्यात त्यांनी मला स्क्रीन दाखवून सांगितलं, की नवी सिस्टीम आली तर एकच नोंद तीनदा भरावी लागेल, रात्री थांबावं लागेल. मी मान हलवली. त्यांचं बरोबर होतं. संध्याकाळच्या कॉलवर माझ्या मॅनेजरने विचारलं, "तिकडे सगळं ठीक?" मी म्हटलं, "ठीक." अप्रेझल जवळ होतं. सिस्टीम ठरल्या तारखेला सुरू झाली आणि त्या ताई रात्री थांबू लागल्या. माझ्यासाठी रोज चहा मात्र मागवत राहिल्या.

मी क्लायंटशी खोटं बोललो नव्हतो. खोटं बोललो ते माझ्याच लोकांशी, आणि तेही एका शब्दात. पगार एका बाजूचा असला की निष्ठाही तिथेच, असं मी स्वतःला समजावलं. आता वाटतं, निष्ठा म्हणूनच सांगायला हवं होतं. आपल्या माणसांना समोरच्याचं खरं म्हणणं कळलं नाही, तर त्यांचंच नुकसान होतं. आमचंही झालं. सहा महिन्यांनी तीच स्क्रीन पुन्हा बनवावी लागली. पण त्या ताईंच्या सहा महिन्यांच्या रात्री कुणी परत दिल्या नाहीत.

आमच्याकडे केळी कापायच्या आधी व्यापाऱ्याचा माणूस बाग बघायला येतो. विशी-बाविशीचा पोरगा असतो, भाव ठरवणं त्याच्या हातात नसतं. त्याच्याशी वडिलांचं दरवेळी वाजतं. जाहीर झालेला भाव एक आणि हा सांगतो भलताच. तरी आल्याबरोबर वडील त्याला ओट्यावर खुर्ची देतात, पाणी देतात. मला पूर्वी याचा राग यायचा. एकदा विचारलंही, की जो आपला भाव पाडायला आलाय त्याची एवढी सरबराई कशाला?

वडील म्हणाले, "तो उभ्या-उभ्या गेला तं आपलं काय सांगीन?"

मग गाडीला किक मारणाऱ्या त्या पोराला त्यांनी हाक मारली, "शेठले सांगजो बरं."

तो "हो काका" म्हणाला. त्याने सांगितलं की नाही, माहीत नाही. मी त्याच्या जागी असताना सांगितलं नव्हतं.