जात्याचा खुंटा

माउली, तुमच्या मुलाला, सुनेला कचेरीत कोणी ना कोणी हे सांगितलेच असेल : 'हार्ड वर्क नको, स्मार्ट वर्क करा.' घाम गाळू नका, डोके चालवा. एका पतसंस्थेत मी तीस वर्षे नोकरी केली. शेवटच्या काही वर्षांत असे एकही प्रशिक्षण झाले नाही की ज्यात हे वाक्य कानावर पडले नाही.

वाक्य खोटे आहे असे मी म्हणत नाही. विहिरीवर मोटार बसली आणि मोटेच्या बैलांची मान मोकळी झाली, त्याला नावे कोण ठेवील? आपल्या दिंडीतही तंबू, भांडी, वळकट्या ट्रकमधून पुढे जातात. एसटीने अर्ध्या दिवसात पंढरपूर गाठता येत असताना आपण आळंदीपासून अडीच-तीन आठवडे का चालतो, हे तर तुम्हाला सांगायलाच नको. मला खुपते ती गोष्ट निराळी आहे, आणि ती माझ्याच हातून घडलेली आहे.

आमच्याकडे कर्जाचा अर्ज कारकून समोर बसून भरून देई. नाव विचारायचे, सात-बारा बघायचा, जामीनदारांची नावे लिहायची. एका माणसाला वीस मिनिटे लागत. खिडकीवर रांग. मी डोके चालवले. 'पूर्ण भरलेलाच अर्ज स्वीकारला जाईल' असा फलक लावला. महिनाभरात रांग संपली. बैठकीत माझे कौतुक झाले, टाळ्याही पडल्या.

एके दिवशी एक मावशी तिसऱ्यांदा आल्या. अर्जात पुन्हा चूक होती. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "सायेब, आधी तुमीच लिवून देत हुता. आता भायेर पन्नास रुपये पडत्यात, अन् रोज बुडतो त्यो येगळा." मी त्यांना नियम समजावून सांगितला. सांगितला म्हणजे काय, त्यांना परत पाठवले.

काम कमी झालेच नव्हते, माउली. ते खिडकीच्या आतून बाहेर गेले होते. ज्याला लिहिता येते त्याच्या मेजावरून उठून, जिला लिहिता येत नाही तिच्या डोक्यावर बसले होते. आणि त्याला मी अक्कलहुशारी समजत होतो.

हे तेव्हा मला कळले नाही. त्याच वर्षी आषाढीच्या वारीत, वाल्ह्याच्या मुक्कामी, रात्री दोनच्या सुमारास तहान लागून उठलो. राहुटीबाहेर चूल पेटलेली. तीन बायका पीठ मळीत बसल्या होत्या. दिवसभर आमच्याबरोबरच चाललेल्या, त्याच पायांच्या. "मावशी, झोपला नाहीत?" विचारले. "झोपलो की घटकाभर. पहाटे ट्रक हलायचा, त्याच्या आत भाकरी उरकाया पायजेत." मी सकाळी मोकळ्या हातांनी टाळ वाजवीत निघणार होतो, तो या चुलीच्या जोरावर. सेवा म्हणून त्या करीत होत्या, हे खरे. पण पाळी लावली होती का? नव्हती. आम्हा पुरुषांपैकी कोणाच्या ते मनातही आले नव्हते.

तिथे बसून खरकटी पातेली घासताना जनाबाई आठवली. परंपरा सांगते, विठ्ठल तिच्याबरोबर दळायला बसला. आता बघा, तो देव. मनात आणता तर पिठाची रास क्षणात पाडता. जनीला युक्तीच्या चार गोष्टी सांगून निघून जाता. त्याने खुंट्याला हात घातला. पैठणला नाथांच्या घरी श्रीखंड्या होऊन बारा वर्षे कावडीने पाणी वाहिले, तेही तसेच. रांजण भरायचा चमत्कार त्याला अवघड होता का? आपल्या संतांनी देवाची थोरवी सांगताना त्याच्या खांद्यावर कावड दिली, यावर मी त्या रात्री पहिल्यांदा थांबून विचार केला. कथा तर लहानपणापासून ऐकत होतो.

म्हणून आता कोणी युक्ती सांगितली की मी एवढेच विचारतो : यात दळण थांबले, की खुंटा दुसऱ्याच्या हाती गेला? मोटारीने बैल सुटले. त्यांच्या जागी कोणी जुंपला गेला नाही. माझ्या फलकाने कारकून सुटला आणि मावशी जुंपल्या गेल्या. दोन्हींना आपण एकच नाव देतो. तुमच्याही घरात बघा. सून नोकरीवरून येते, तिने कामाची घडी छान बसवली म्हणून आपण सांगत फिरतो. त्या घडीत भांडी कोणाच्या वाट्याला गेली, हे कोणी विचारत नाही. बहुधा सासूच्या, नाहीतर त्याच सुनेच्या, रात्री अकराला.

वारीहून आल्यावर मी फलक उतरवला. कारकून कुरकुरले, ते स्वाभाविकच. मग दुपारी दोन तास मीच खिडकीशी बसू लागलो. रांग पुन्हा लांबली. पुढच्या बैठकीच्या कागदावर माझ्या विभागाचा वेग घटल्याची नोंद होती. नोंद बरोबर होती. मी तिच्याखाली सही केली.