घसारा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर असल्यामुळे मला जगातल्या कुठल्याही वस्तूची किंमत काढता येते, असा आमच्या घरात एक समज आहे. हा समज मीच पसरवलेला आहे. बी.कॉम.ला ‘घसारा’ नावाचे एक प्रकरण असते. वस्तू घेतली की दुसऱ्या दिवसापासून ती झिजू लागते आणि ती किती झिजली हे वस्तूकडे ढुंकूनही न बघता कागदावर सांगता येते, हे त्या प्रकरणाचे सार. त्याच्या दोन मुख्य पद्धती. पहिली सरळ रेषेची. हिच्यात दरवर्षी सारखी रक्कम कापायची, म्हणजे शेवटी वस्तू शून्यावर येते. दुसरी घटत्या शिल्लकीची. हिच्यात उरलेल्या किमतीवर टक्केवारी कापायची. किंमत कमी कमी होत जाते, पण शून्य मात्र कधीच होत नाही. मला पहिल्यापासून ही दुसरी पद्धत आवडते. कितीही झिजले तरी काहीतरी उरतेच, एवढा दिलासा जमाखर्चाच्या पुस्तकात दुसरीकडे कुठेही नाही.

हे प्रकरण परीक्षेनंतर पंचवीस वर्षांनी पुन्हा उघडावे लागले, ते अण्णांच्या फियाटमुळे.

तिचे पाळण्यातले नाव प्रीमियर पद्मिनी. पण मराठी घरात तिला पद्मिनी म्हणणारा माणूस मी पाहिलेला नाही. ती फियाटच. कुर्ल्याच्या कारखान्यात जन्मलेली, गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या नळीवर असलेली आणि पुढची सीट शाळेतल्या बाकासारखी अखंड असलेली. त्या बाकावर अण्णा, आई आणि मधे मी. मागची सीट पाहुण्यांसाठी राखीव. पाहुणे नसले तर आईच्या भाजीच्या पिशव्यांसाठी.

अण्णा पाटबंधारे खात्यात ओव्हरसीअर होते. 1988 साली प्रॉव्हिडंट फंडातून कर्ज काढून त्यांनी ही गाडी घेतली. तीही जुनीच, 38,000 रुपयांना. दर रविवारी सकाळी पिवळे फडके घेऊन ते तिला पुसत. देवपूजा आई करायची, हे अण्णा करायचे. दोघांनाही तेवढाच वेळ लागे.

पंचवीस वर्षे गाडी चालली. 2009 मध्ये अण्णांनी ती माझ्या नावावर केली आणि 2013 मध्ये ती थांबली. तोवर माझी नवी छोटी गाडी आली होती, अण्णांचे मोतीबिंदू झाले होते आणि आई गेली होती. फियाटवर मी एक चांगले कव्हर घातले. दर दिवाळीला मी म्हणायचो, “या वर्षी फियाटचं काम काढायचंच!” अशा बारा दिवाळ्या गेल्या. त्या अवधीत कव्हराखाली एका मांजरीच्या चार पिढ्या नांदून गेल्या. चालू वापर असा तेवढाच.

2025 च्या सुरुवातीला सोसायटीच्या सेक्रेटरींची चिठ्ठी आली. पार्किंगमधले ‘बंद वाहन’ हलवा. चिठ्ठी सभ्य होती, पण माझ्यातला वाणिज्य पदवीधर जागा झाला. आमच्याकडे पार्किंगच्या जागेला महिन्याला 1,500 रुपये भाडे सहज येते. बारा वर्षांचे झाले 2,16,000. म्हणजे धावत असताना जिने एवढे पेट्रोल प्यायले नसेल, तिने नुसते उभे राहून सव्वादोन लाखांना हात घातला होता!

अण्णांना भीत भीत सांगितले. ते खिडकीजवळच्या त्यांच्या खुर्चीत होते. थोडा वेळ खाली बघत राहिले आणि म्हणाले, “काढ. पण योग्य किंमत घे.”

आता योग्य किंमत म्हणजे काय? मी कागद घेतला. धंद्यातल्या मोटारीला प्राप्तिकरात सालीना 15 टक्के घसारा धरतात. 38,000 वर 37 वर्षे 15 टक्क्यांनी कापत गेलो, तर उत्तर आले 93 रुपये. दोनदा करून पाहिले. 93च. एवढ्यात सौ. चहा घेऊन आली. म्हणाली, “त्र्याण्णव रुपयांत हल्ली गाडीचं कव्हरसुद्धा धुऊन मिळत नाही.” तरी माझे एक म्हणणे होते. 93 म्हणजे शून्य नव्हे.

एका शनिवारी, बँकेला सुट्टी होती तेव्हा, मी कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर गेलो. तिथे रस्त्याच्या कडेला दरवाजांचे ढीग, बंपरांचे ढीग, आरशांचे ढीग असतात. कुर्ल्यात जन्मलेल्या गाडीने कुर्ल्यातच देह ठेवावा, यात मला जरा काव्य वाटत होते. एका म्हाताऱ्या भंगारवाल्याला मोबाईलवर फोटो दाखवले. त्याने ते डॉक्टर एक्स-रे बघतात तसे उन्हात धरून बघितले. 

“कितने साल से खड़ी है?”

“बारा.”

“चालू लाते तो कोई शौकीन मिल जाता, साब. अब तो वजन का भाव.”

मी जरा रागावलोच. म्हटले, आमच्या वडिलांनी ती किती जपली, तुम्हांला कल्पना नाही. तो शांतपणे म्हणाला, “चलाते तब जपली होगी. इसको हम भंगार नहीं करते साब. खड़ी रखी ना, वहीं हो गयी भंगार.”

बँकेच्या काउंटरवर लोक मला रोज काही ना काही ऐकवतात, त्यातले संध्याकाळपर्यंत काही शिल्लक राहत नाही. हे राहिले.

शेवटी गाडी नोंदणीकृत स्क्रॅपिंग केंद्रात द्यायचे ठरवले. कारण मी नियमाचा माणूस, आणि आर.टी.ओ.तली नोंद रद्द केली नाही तर गाडी वितळून गेल्यावरही तिच्या नंबरावर भलताच कोणी पराक्रम करायचा. 2021 च्या ऑगस्टमध्ये जुन्या गाड्या मोडीत काढण्याचे सरकारी धोरण आले. त्यात भंगाराची किंमत तशाच नव्या गाडीच्या शोरूम किमतीच्या 4 ते 6 टक्के धरली आहे. मी केंद्रातल्या तरुणाला विचारले, “नवी पद्मिनी आहे कुठे? चार टक्के कशाचे काढणार?” तो बिचारा हसला. त्याचा तरी काय दोष! मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदवली गेली आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत संपल्यावर 30 ऑक्टोबर 2023 पासून रस्त्यावरून गेली. ज्या गाडीत अर्धी मुंबई मुलाखतीला आणि अर्धी प्रसूतिगृहात गेली, तिची नवी किंमत सांगायला कोणी उरले नव्हते. तेव्हा इथेही वजनच.

माझ्या हातात पडलेल्या कागदाचे नाव होते ‘सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट’. आमच्या बँकिंगमध्येही याच नावाचा कागद असतो. त्यात पैसे ठेवतात आणि मुदत संपली की व्याजासह परत घेतात. इथे गाडी ठेवायची आणि ती परत मागायची नाही. मात्र तो दाखवून नवी गाडी घेतली, तर करात सवलत मिळू शकते. म्हणजे गेलेल्याच्या नावाने मागे राहिलेल्याला थोडे काही मिळण्याची व्यवस्था इथेही आहे.

आवारात गाड्या सोडवण्याचे काम चालले होते. चाके चाकांत जात होती, काचा काचांत. मला एकदम मिलिंद राजाची गोष्ट आठवली. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन त्या ग्रीक राजाला विचारतो, तू रथातून आलास ना? मग चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो आणि शेवटी कबूल करतो की रथ हे या सगळ्याच्या जुळणीला दिलेले नुसते नाव आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा वाद इथे दोन माणसे पान्यांनी सोडवत होती. मला नागसेनाला फक्त एक विचारायचे होते. चाक म्हणजे फियाट नव्हे, दार म्हणजे फियाट नव्हे, सगळे मान्य. पण रविवारचे ते पिवळे फडके कुठल्या ढिगात टाकायचे?

तो तरुण मोठा उत्साही होता. त्याने सांगितले की नव्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेवर एक डबा असतो, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असे मौल्यवान धातू असतात. त्याला भाव येतो. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो 1995 पासून सक्तीचा झाला. आमची गाडी त्याआधीची, तिच्यात तो नाही. मी विचार करत राहिलो. अख्ख्या गाडीत सर्वांत महाग काय, तर जन्मभर इतरांचा धूर आत घेणारा डबा. आमच्या घरात हे काम आईकडे होते.

हिशेब झाला. लोखंड 580 किलो, 27 रुपयांनी, 15,660. रेडिएटर आणि इतर धातू 1,840. जुनी बॅटरी 1,000. एकूण 18,500, माझ्या खात्यात जमा.

पुस्तकी किमतीपेक्षा जास्त आले तर त्याला नफा म्हणतात. म्हणजे मला 18,407 रुपये नफा झाला होता. पण घरी परतताना पाय उचलेनात. अण्णांना 18,500 कसे सांगायचे? ज्या गाडीला त्यांनी आयुष्यातले पंचवीस वर्षांचे रविवार दिले, तिची किंमत एका बऱ्या मोबाईलएवढी?

तिथे मला ती बुद्धी झाली. बँकेत एवढी वर्षे काढली, पण एका रुपयाची खोटी एन्ट्री माझ्या हातून झालेली नाही. ती त्या संध्याकाळी झाली. मी 18,500 काढले, त्यात पदरचे 20,000 घातले आणि 38,500 रुपये अण्णांच्या हातात ठेवले. “अण्णा, मुद्दल परत आलं. वर पाचशे फायदा!”

अण्णांनी नोटा मोजल्या नाहीत. विचारले, “वजन किती भरलं?”

“तसं काही... अंदाजे...”

“नऊशे किलोची गाडी. रबर, काच, गाद्या आणि गंज वजा. सहाशे किलो लोखंड धर. समोरच्या इमारतीच्या कामावरच्या मुकादमाला मी परवा विचारलं, पंचवीस-सत्तावीसचा भाव आहे. सोळा हजार. वर दोन-तीन. मी छत्तीस वर्षं मेजरमेंट बुक लिहिलंय. अडतीस कुठून आले?”

मी गप्प.

“हे वरचे वीस कुणाचे?”

“माझे.”

“मग ते गाडीचे नव्हेत.” त्यांनी वीस हजार वेगळे काढून माझ्या पुढ्यात ठेवले. “ही एन्ट्री उलटी कर.”

मी म्हणालो, तुम्हांला वाईट वाटू नये म्हणून केले. त्यावर ते उठले आणि कपाटातून आईची हिशेबाची वही घेऊन आले. मला दाखवले. 1988 सालचे पान. आईच्या अक्षरात ‘गाडी – 38,000’.

“तिला मी अठ्ठावीस हजार सांगितले होते,” अण्णा म्हणाले. “वरचे दहा मित्राकडून उसने घेतले आणि दौऱ्याच्या भत्त्यातून दोन वर्षं चोरून फेडले. तिला सगळं ठाऊक होतं, हे मला ती गेल्यावर, ही वही उघडली तेव्हा कळलं. जन्मभर एक अक्षर बोलली नाही.”

मला धीर आला. “म्हणजे घरात खोटं चालायचं की! मग माझं का नाही चालत?”

“तिने मला सांभाळून घेतलं. तू माझी समजूत काढतोयस. समजूत लहान मुलाची काढतात, नाहीतर मोडीत काढलेल्याची.” एवढे बोलून ते पुन्हा खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

त्या खुर्चीकडे मी त्या दिवशी पहिल्यांदा नीट बघितले. चांगली खुर्ची आहे, मीच आणलेली. अण्णांना वेळेवर जेवण आहे, गोळ्या आहेत, खांद्यावर शाल आहे. आणि दर दिवाळीला मी म्हणतो, “अण्णा, या वर्षी तुम्हांला धरणावर घेऊन जायचंच!” कुर्ल्याच्या म्हाताऱ्याचे वाक्य मला तेव्हा पुन्हा ऐकू आले.

थोड्या वेळाने अण्णांनीच विचारले, “लोखंड जातं कुठं रे?”

“भट्टीत. आपल्याकडे जालन्याला अशा भंगाराच्या सळया करतात.”

“सळया?” ओव्हरसीअरचा चेहरा एकदम उजळला. “म्हणजे कुठल्यातरी स्लॅबमध्ये जाईल. चांगलं झालं. क्युरिंग नीट केलं, तर माझ्यानंतरही टिकेल.”

मग त्यांनी आईच्या वहीत त्याच ओळीखाली लिहिले, ‘गाडी जमा – 18,500’. फरक 19,500. मी सवयीने भागाकार केला. 37 वर्षांनी भागले तर वर्षाला 527 रुपये. दरवर्षी सारखे. म्हणजे सरळ रेषेची पद्धत! तीन माणसे एका बाकावर बसून हिंडली, त्याचा हा सगळा खर्च.

पुढच्या रविवारी सकाळी अण्णा खाली उतरले, तेव्हा त्यांच्या हातात ते पिवळे फडके होते. माझ्या गाडीचे बॉनेट त्यांनी पुसले, चाके मी. मग ते पुढच्या सीटवर बसले. मधल्या गिअरच्या दांड्याकडे त्यांनी जरा नापसंतीने पाहिले, कारण तिथे माणूस बसण्याची जागा होती. मी विचारले, “धरणावर?”

“पट्टा लाव आधी,” अण्णा म्हणाले.