आधी हात, मग चौकशी

वालावलला कर्ली नदीच्या काठी माझ्या ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ राहतात. तरुणपणी ते मुंबईहून परदेशी बोटींवर खलाशी म्हणून गेले आणि उतारवयात घरी परतले. आता त्यांना मिस्साला येणे जमत नाही, म्हणून कम्युनियन देण्यासाठी मी त्यांच्याकडे जातो. मागच्या भेटीत टीव्हीवर भूमध्य समुद्रात उलटलेल्या एका नावेची बातमी चालू होती. कॉलेजात जाणारा नातू म्हणाला, "यांना बोलावलं होतं कोणी? बुडाले म्हणजे पुन्हा कोणी येणार नाही." आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "फादर, आमच्या बोटीर एकच कायदो होतो. आधी माणसाक वर काढूचा, मगे नावगाव इचारूचा."

नातवाचे बोलणे निष्ठुर होते. परंतु त्यामागची भीती खोटी नव्हती. कोकणच्या माणसाला ती समजावून सांगण्याची गरज नाही. १९९३ च्या मुंबई बाँबस्फोटांतील स्फोटके रायगडच्या शेखाडी किनाऱ्यावर उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे दहा हल्लेखोर 'कुबेर' नावाची मासेमारी नौका बळकावून मुंबईकडे आले. त्या नौकेचे नाखवा आणि खलाशी हे त्यांचे पहिले बळी होते. किनारा मोकळा पडला की सर्वांत आधी गरीबच मरतो, हे आपण पाहिले आहे. म्हणून राष्ट्राने आपला किनारा राखणे हे पाप नव्हे. ते कर्तव्य आहे. ख्रिस्तसभेचीही शिकवण एकांगी नाही. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथात संपन्न राष्ट्रांनी परक्यांना शक्य तितका आश्रय द्यावा असे सांगितले आहे; त्याचबरोबर सार्वजनिक हितासाठी शासन त्याला अटी घालू शकते आणि आलेल्याने त्या देशाचे कायदे पाळावेत, हेही सांगितले आहे.

तथापि, सरहद्दीविषयी बोलताना आपण कोणाच्या तोंडाने बोलतो याचे भान ठेवले पाहिजे. आपल्यापैकी पुष्कळांचे पूर्वज गोव्यातून तेरेखोल ओलांडून सावंतवाडीच्या मुलखात आले. कोणी युद्धांना कंटाळून आले, कोणी करांना, तर कोणी खुद्द ख्रिस्ती सत्तेच्या इन्क्विझिशनला भिऊन. त्यांना एका हिंदू संस्थानात आसरा मिळाला. पुढे तीच तेरेखोल सरहद्द झाली. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात शिरलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर भारत सरकारने सीमा बंद केली, रेल्वे थांबली, परवान्यावाचून ये-जा राहिली नाही. गोवामुक्तीचा हेतू न्याय्य होता आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी तो सफल झाला. तरीही दोन्ही तीरांवर ज्यांची सोयरीक होती, त्यांनी न्याय्य सरहद्दीचीही किंमत माणसाला कशी मोजावी लागते ते अनुभवले. आज त्याच गोव्यातील अनेक तरुण आजोबांच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगालचे नागरिकत्व मिळवून इंग्लंडात पोटासाठी गेले आहेत. एकाच्या हाती जुना दाखला असतो, दुसऱ्याच्या नसतो. एक विमानाने जातो, दुसरा फुटक्या नावेने. भूक मात्र दोघांची एकच.

मग किनारा राखावा की माणूस? माझ्या मते प्रश्न असा मांडणेच चुकीचे आहे. ही दोन कर्तव्ये एकमेकांची वैरी नाहीत. त्यांना क्रम आहे, आणि अधर्म होतो तो क्रम उलटल्यामुळे. समुद्राचा कायदाही हेच सांगतो. १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारास भारताने १९९५ मध्ये मान्यता दिली. त्याच्या ९८ व्या कलमानुसार समुद्रात संकटात सापडलेल्या कोणालाही मदत करणे हे जहाजाच्या कप्तानाचे कर्तव्य आहे. 'कोणालाही' या शब्दात मित्र, शत्रू, सपरवाना, बिनपरवाना असा भेद नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो : वाचवाल तर आणखी येतील, आणि माणसांची चोरटी वाहतूक करणारे गब्बर होतील. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. ८ जुलै २०१३ रोजी पोप फ्रान्सिस यांनी लांपेदुसा बेटावर जाऊन बुडालेल्यांसाठी समुद्रात पुष्पचक्र अर्पण केले. त्यानंतर तीनच महिन्यांनी, ३ ऑक्टोबरला, त्या बेटालगत साडेतीनशेहून अधिक माणसे बुडाली. तेव्हा इटलीने मोठी बचावमोहीम उघडली आणि वर्षभरात सुमारे दीड लाख जीव वाचवले. बचावामुळेच लोक येतात, अशी टीका झाली. खर्चाचा भार इतर देशांनी पुरेसा उचलला नाही. २०१४ च्या अखेरीस मोहीम बंद पडली. नावा मात्र थांबल्या नाहीत. १८ एप्रिल २०१५ रोजी एकाच नावेतील सुमारे आठशे माणसे गेली.

पण समजा, त्या थांबल्या असत्या, तरी काय? एकाला बुडू देऊन दुसऱ्याला धडा शिकवायचा, म्हणजे त्या पहिल्या माणसाला माणूस न मानता इशाऱ्याची पाटी करायचे. दलालाला पकडा, शिक्षा करा. त्याचा गुन्हा बुडणाऱ्या लेकराच्या माथी मारण्याचा अधिकार कोणत्याही शासनाला नाही.

हात दिल्यानंतर चौकशी जरूर करावी. मात्र ती न्यायाची असावी. आश्रय नाकारणेही ऐकून घेतल्यानंतर न्याय्य ठरू शकते. आपल्याच पालघरचे खलाशी गुजरातच्या नौकांवर कामाला जातात आणि पाण्यावर न दिसणारी रेषा ओलांडली म्हणून पाकिस्तानच्या तुरुंगात पडतात. त्यांचे मच्छीमार आपल्या तुरुंगात असतात. दरवर्षी १ जानेवारी व १ जुलैला दोन्ही सरकारे त्यांच्या याद्या एकमेकांना देतात. जाळे टाकणारा आणि बंदूक आणणारा यांतला फरक ओळखायला वर्षे लागत असतील, तर ती चौकशी नव्हे, विस्मृती होय.

वाचकहो, भूमध्य समुद्र आपल्यापासून दूर आहे. परंतु आपल्या आंबाबागांत राखण करणारा आणि आपल्या होड्यांवर जाळी ओढणारा नेपाळी तरुण दूर नाही. तो तापाने फणफणला तर आपण आधी काय विचारतो, यावरून आपली सरहद्द कोठे आहे ते कळते. हेरोदाच्या भीतीने रातोरात मिसरात गेलेल्या एका कुटुंबाची आपण दर नाताळात आठवण करतो. त्यांच्यापाशीही परवाना नव्हता.

मी निघताना तो नातू मला होडीपर्यंत पोचवायला आला. धक्का निसरडा होता. माझा पाय घसरला, तेव्हा त्याने काही न विचारता मला हात दिला.